उद्याचं पान आज वाचलं तर?

१३ मार्च २०२० रोजी ‘समांतर’ ही मराठी वेबमालिका एमएक्स प्लेअरवर आली आणि बाराच दिवसांनी देशभर टाळेबंदी लागू झाली. शिरूरच्या पेठेतली दुकानं बंद झाली, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या पाळ्या थांबल्या, दौंडहून रोज गाडीने पुण्याला नोकरीसाठी जाणारी माणसं घरी बसली. हातात मोबाइल होता, २०१६ नंतर स्वस्त झालेला डेटा होता आणि हे ॲप फुकट होतं. मधूनमधून जाहिराती पाहायच्या, एवढंच. वर्गणी भरून मालिका पाहण्याची सवय नसलेल्या आमच्या भागातल्या कितीतरी घरांत वेबमालिका शिरली ती अशी. १ जुलै २०२१ रोजी ‘समांतर’चं दुसरं पर्व आलं, तेव्हा करोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरत होती आणि पहिल्या पर्वाने अधांतरी सोडलेल्या प्रश्नाचं उत्तर लोकांना हवं होतं.

ते अर्धंमुर्धंच मिळालं. का, हे नीट तपासायला हवं, कारण मराठीत विज्ञानकथेच्या इतक्या जवळ जाणारी आणि दुसऱ्या पर्वापर्यंत पोचलेली मालिका दुसरी सांगता येत नाही. तपासायचं तर शेजारी एक तोलामोलाची मालिका ठेवायला हवी. मी जर्मनीची ‘डार्क’ ठेवते. तिचं दुसरं पर्व २१ जून २०१९ रोजी नेटफ्लिक्सवर आलं. दोन्हींचा गाभा एकच आहे: उद्या काय घडणार हे माणसाला आज कळलं, तर तो ते टाळू शकेल का? पुढे दोन्हींमधली काही रहस्यं फुटणार आहेत. ज्यांना आधी पाहायचं असेल त्यांनी हा लेख पाहून झाल्यावर वाचावा.

‘समांतर’चं मूळ सुहास शिरवळकरांच्या याच नावाच्या कादंबरीत आहे. ‘दुनियादारी’मुळे नव्या पिढीला ठाऊक झालेले शिरवळकर २००३ साली गेले, पण तालुक्याच्या ग्रंथालयांत त्यांच्या पुस्तकांची पानं आजही सुटी होईपर्यंत वाचलेली दिसतात. कल्पना अशी. कुमार महाजन हा नोकरी-संसाराला विटलेला माणूस हात दाखवायला जातो आणि हात पाहणारा त्याला परत पाठवतो. असाच हात त्याने अनेक वर्षांपूर्वी पाहिलेला असतो, सुदर्शन चक्रपाणी नावाच्या माणसाचा. म्हणजे चक्रपाणी जे जगून बसला, ते कुमार जगणार आहे. कुमार त्याला शोधत निघतो. सतीश राजवाडे यांनी दिग्दर्शित केलेलं पहिलं पर्व हा शोध आहे. नऊ भागांचं ते पर्व आटोपशीर आहे, कारण शोधाला दिशा असते. शोध संपला की पर्व संपतं.

दुसऱ्या पर्वाचे दिग्दर्शक बदलले, समीर विद्वांस आले. आणि कथेची जातही बदलली. चक्रपाणीने आपल्या आयुष्याची डायरी कुमारच्या हाती दिली आहे. त्यातलं रोज एकच पान वाचायचं. उद्याचं पान आज. ही युक्ती विलक्षण आहे आणि या पर्वाची सगळी ताकद तिच्यात आहे. पान उघडण्याआधी कुमारच्या चेहऱ्यावर येणारा ताण आपल्याला कळतो, कारण आपल्यालाही ते पान वाचायचं असतं आणि वाचायचं नसतंही. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही, एक रुपयाची संगणकीय करामत नाही, तरी काळ पुढेमागे होतो. कमी खर्चात कालप्रवासाची कथा सांगायची, तर याहून चांगलं साधन मराठी निर्मात्याला सुचणं कठीण.

डायरी सांगते की आयुष्यात एक स्त्री येणार. ती येते. आजच्या काळातली मीरा आणि चक्रपाणीच्या काळातली सुंदरा, दोन्ही भूमिका सई ताम्हणकर यांनी केल्या आहेत. एकाच चेहऱ्याने दोन काळ जोडणं हा नेमका निर्णय होता. नितीश भारद्वाज यांचा चक्रपाणीही मला फार आवडला. ज्या नटाला देशाने १९८८ पासून कृष्ण म्हणून पाहिलं, तोच इथे आपलं भोगलेलं प्राक्तन दुसऱ्याच्या हवाली करतो, आणि तेही आवाज न चढवता. स्वप्नील जोशी यांनी गोड नायकाची प्रतिमा बाजूला ठेवून चिडका, हट्टी, घाबरलेला कुमार उभा केला, याचंही श्रेय द्यायला हवं.

मग बिनसलं कुठे? माझ्या मते नियमात. दोन आयुष्यं समांतर आहेत म्हणजे नेमकी किती समांतर? चक्रपाणीच्या तरुणपणी मोबाइल नव्हता, कुमारच्या नोकरीसारखी नोकरी नव्हती. मग पानावरच्या घटनेतलं काय तसंच्या तसं घडणार आणि काय वेगळ्या रूपात घडणार? माणसं बांधलेली आहेत की प्रसंग? कुमारने उंबरठ्याबाहेर पाऊलच ठेवलं नाही, तर? या प्रश्नांची उत्तरं मालिका स्वतःच्या सोयीने लवचीक ठेवते. कधी शब्दशः घडतं, कधी नुसतं साम्य पुरतं. प्रेक्षकाला पानावरून अंदाज बांधता आला, तर त्याची उत्कंठा वाढते. अंदाज कशाच्या आधारे बांधायचा तेच कळेनासं झालं, की तो फक्त वाट पाहत राहतो. दहा भागांच्या मधल्या टप्प्यात हे वाट पाहणं जाणवतं. एका कादंबरीचा जीव दोन पर्वांत वाटला गेला आहे आणि दुसऱ्या वाट्याला प्रसंग कमी, धावपळ जास्त आली आहे.

दुसरी तक्रार मला अधिक गंभीर वाटते. कुमारची बायको नीमा. तेजस्विनी पंडित यांनी तिला जे दिलं ते लेखनाने दिलेल्यापेक्षा बरंच जास्त आहे. कुमार तिच्यापासून सगळं लपवतो, ती संशय घेते, तो आणखी लपवतो. पर्वातला निम्मा ताण या लपवाछपवीतून काढला आहे. पण नवऱ्याने ती डायरी बायकोपुढे ठेवून ‘हे वाच’ म्हटलं असतं, तर काय झालं असतं? प्राक्तनाविरुद्ध दोघं मिळून उभी राहिली असती, हा किती मोठा खेळ होता! तो खेळायचं टाळून मालिका संशयी बायको आणि मोहात पडणारा नवरा या ओळखीच्या घरात परत येते. ते घर रोज संध्याकाळी सातपासून टीव्हीवर असतंच.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. हाताच्या रेषा आणि पत्रिका या गोष्टी आपल्याकडे कथेतही खऱ्या मानून सोडून दिल्या जातात. वास्तविक फलज्योतिषाची रीतसर चाचणी याच पुण्यात झाली आहे. जयंत नारळीकर यांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांच्या आणि संख्याशास्त्रज्ञांच्या साथीने हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांपुढे ठेवल्या होत्या. कोणती कोणाची, ते ओळखायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली आणि बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के निघालं. नाणं उडवून ठरवलं असतं तरी जवळपास एवढीच उत्तरं बरोबर आली असती. ‘समांतर’ने हे मान्य करायला हवं होतं असं मी म्हणत नाही; कथेला आपली गृहीतकं निवडायचा हक्क आहे. पण गृहीतक निवडलं की त्याला प्रश्न विचारणारं एक तरी पात्र हवं. तर्काने भांडणारं माणूस कथेत असलं की प्राक्तनही खरं वाटू लागतं. विज्ञानकथा आणि चमत्कारकथा यांच्यातली सीमा मला तिथे दिसते, आणि ‘समांतर’ त्या सीमेवरून मागे फिरते.

आता ‘डार्क’. बारान बो ओडार आणि यांट्ये फ्रीजे या दोघांनी ती रचली. विंडेन नावाचं काल्पनिक गाव, चार घराणी, एक अणुवीज केंद्र, जंगलातली एक गुहा. त्या गुहेतून तेहतीस वर्षं मागे किंवा पुढे जाता येतं. पहिल्या पर्वात २०१९, १९८६ आणि १९५३ हे काळ होते. दुसऱ्यात ते एकेक वर्षाने पुढे सरकले आणि वर १९२१ व २०५३ यांची भर पडली. बाप मुलाहून लहान, मुलगी आईची आई, अशी नाती त्यात आहेत. शिरूर-दौंडकडच्या वाचकाला मी सांगेन, घाबरू नका. वाटण्या, दत्तक आणि वारसनोंदींनी भरलेला सातबाऱ्याचा फेरफार ज्यांना वाचता येतो, त्यांना विंडेनची वंशावळ जमते. जिथे चार पिढ्या एकमेकांना ओळखून असतात आणि जुना राग नातवापर्यंत उतरतो, तशा गावात वाढलेल्या माणसाला ही मालिका महानगरातल्या प्रेक्षकापेक्षा लवकर कळावी.

दुसऱ्या पर्वात पहिल्या भागापासून टांगती तलवार आहे: २७ जून २०२० रोजी प्रलय होणार. त्याला सहाच दिवस उरले आहेत. पर्वाचे भाग दहावरून आठ केले आहेत. ‘समांतर’ने नवाचे दहा केले, ‘डार्क’ने दहाचे आठ; पसारा वाढला असताना लांबी कमी करण्याची ही शिस्त पाहण्यासारखी आहे.

या पर्वातला सहावा भाग मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे. योनास हा कोवळा मुलगा. त्याचे वडील मिखाएल यांनी २१ जून २०१९ रोजी आत्महत्या केली, आणि तिथूनच सगळ्या कथेला सुरुवात झाली. योनासला आता मागे जाण्याची संधी मिळते. तो आदल्या दिवशी पोचतो. वडील जिवंत आहेत, आई घरात आहे, ज्या मुलीवर त्याचं प्रेम आहे ती मार्था तळ्याकाठी हसते आहे. दिग्दर्शक या दिवसाला घाई करत नाही. ऊन आहे, पोहणं आहे, रात्री शेजारी लग्नाच्या वाढदिवसाची मेजवानी आहे. पहिल्या पर्वात सतत पाऊस आणि काळोख पाहिलेल्या प्रेक्षकाला प्रथमच कळतं की या घरांत सुख होतं.

मग रात्री मुलगा बापासमोर बसतो. त्याच्याजवळ बापाने मरण्याआधी लिहिलेलं पत्र आहे. तो विनवतो: असं करू नका, तुम्ही नाही केलंत तर पुढचं काहीच घडणार नाही. बाप पत्र हातात घेतो आणि सांगतो की आपल्या मनात असं काही आलेलंच नव्हतं. हे पत्र त्याने अजून लिहिलेलंच नाही. मुलगा वाचवायला आला आणि त्याच्या येण्यानेच बापाला ‘आपल्याला काय करायचं आहे’ ते कळलं. नुसतं संवादांचं दृश्य आहे. दोन माणसं, एक खोली, एक कागद. पहिल्या पर्वाच्या पहिल्या दृश्याचा अर्थ या एका भागाने उलटा होतो, आणि मालिकेचा नियम कुठेही न मोडता होतो. मालिकेतल्या त्या मृत्यूची तारीख २१ जून २०१९, आणि दुसरं पर्व प्रेक्षकांपुढे आलं तेही त्याच तारखेला. तिसरं आलं ते प्रलयाच्या दिवशी, २७ जून २०२० ला. निर्मात्यांनी शेवट आधी ठरवून मग सुरुवात केली असावी, असं यावरून वाटतं.

असाच घाव आणखी दोनदा बसतो. क्लाउडिया आपल्या वडिलांचं मरण टाळण्यासाठी धडपडते आणि तीच त्याला कारण होते. उलरिख हा पोलीस अधिकारी हरवलेल्या मुलाला शोधत भूतकाळात गेला आणि तिथेच अडकला. १९८७ मध्ये म्हातारा, मनोरुग्णालयात डांबलेला उलरिख अखेर आपल्या मुलाला भेटतो. बाप पिकला आहे, मुलगा तेवढाच आहे. दोघं हात धरून पळतात आणि पकडले जातात. हे पाहताना कालप्रवासाचं शास्त्र विसरायला होतं.

पण या पर्वाचे दोषही ठळक आहेत आणि भक्तांनी ते झाकू नयेत. पहिलं म्हणजे १९२१ मधली गुप्त संघटना. तिथली माणसं काळ, देव आणि मुक्ती यांवर सुभाषितं बोलतात. साध्या प्रश्नाला साधं उत्तर कोणी देत नाही. कथेची गरज म्हणून मौन बाळगणं वेगळं आणि प्रेक्षकाला ताटकळत ठेवण्यासाठी कोड्यात बोलणं वेगळं. दुसऱ्या पर्वात दुसऱ्या प्रकाराचं प्रमाण वाढलं आहे. दुसरं, ज्या उलरिखने पहिलं पर्व खांद्यावर पेललं, त्याच्या वाट्याला इथे मोजकी दृश्यं आली. तिसरं, बाहेरून आलेला तपास अधिकारी क्लाउझन आणि अणुवीज केंद्राच्या प्रमुखाने बदललेलं नाव हे उपकथानक बराच वेळ खातं, आणि त्याचं काम शेवटी प्रलयाला निमित्त पुरवण्यापुरतंच उरतं. खरं तर केंद्रात दडवलेल्या अणुकचऱ्याच्या पिंपांचा प्रश्न किती जवळचा आहे! कुरकुंभच्या रासायनिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांना, रांजणगावच्या कारखान्यांवर पोट असणाऱ्यांना, कारखाना गावाला काय देतो आणि गावापासून काय लपवू शकतो, हे कोणी समजावून सांगायला नको. ‘डार्क’ने हा धागा उचलला आणि कोड्यांच्या नादात हातातून सोडला.

आणि शेवट. मार्थाला डोळ्यांदेखत मारलं जातं, योनास कोसळतो, आणि तेवढ्यात दुसरी मार्था दारात उभी राहते. ती वेगळ्या काळातून आलेली नाही, वेगळ्याच जगातून आली आहे. धक्का मोठा आहे, पण त्याची किंमतही मोठी आहे. आतापर्यंतचा नियम होता, जग एकच आणि जे घडलं ते अटळ. समांतर जग आलं की मरणाचं वजन कमी होतं. तिसऱ्या पर्वाने हे ओझं बरंचसं पेललं, तरी दुसऱ्याच्या शेवटच्या मिनिटाला मला फसवल्यासारखं वाटलं होतं, आणि आजही थोडं वाटतं. तरीसुद्धा दोन्ही दुसऱ्या पर्वांत सरस कोणतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ‘डार्क’ चुकते ती जास्त सांगण्याच्या ओढीने. ‘समांतर’ चुकते ती जवळ असलेली कल्पना शेवटपर्यंत न ताणल्यामुळे.

समांतर जगाची कल्पना मराठीला नवी नाही, आणि म्हणून ही हळहळ जास्त. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली. ती पहिली आली. पुढे त्यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ लिहिली. पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे रेल्वेने मुंबईला निघतात आणि पोचतात अशा मुंबईत, जिथे पानिपत मराठ्यांनी जिंकलं आहे. का जिंकलं? विश्वासरावांना लागायची ती गोळी कानाजवळून निघून गेली. एवढाच फरक. गंगाधरपंत एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून इतिहासाची पुस्तकं उलटत त्या क्षणापर्यंत पोचतात आणि पुराव्याला त्यांच्या खिशात बखरीचं एक पान राहतं. पुन्हा एक पान! कथेच्या शेवटी शास्त्रज्ञ मित्र ते पान हातात घेऊन पुंजवादाच्या आधारे स्पष्टीकरण देतो. प्रश्न विचारणारं ते पात्र, ज्याची उणीव ‘समांतर’मध्ये भासते, नारळीकरांनी चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. या कथेचं इंग्रजी रूप ‘द ॲडव्हेंचर’ एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात आहे. देशभरातली मुलं ते शिकतात. आपल्या पडद्यावर मात्र तिची मालिका नाही. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले.

अशा कथांसाठी जागांचीही वाण नाही. शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतून गळालेल्या मुलांना हाताने काम करत विज्ञान शिकवणारी ही संस्था. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्याने तिथे फॅब लॅब (संगणकाच्या मदतीने वस्तू घडवण्याची कार्यशाळा) उभी राहिली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. ज्वारी-बाजरीच्या रानात संगणकावर चालणारी कापायची यंत्रं आणि ती चालवणारी गावची पोरं! शेजारच्या जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या आहेत, परिसरात पसरलेल्या एकूण ३०. अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या रेडिओलहरी त्या आज पकडतात. भूतकाळ पाहण्याचं यंत्र आपल्या रानात उभं आहे आणि आपण कथेसाठी हात पाहणाऱ्याकडे जातो.

दौंडचंच घ्या. मनमाडचा फाटा १८७८ मध्ये सुरू झाला आणि गाव जंक्शन झालं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशातल्या रेल्वेगाड्या मद्रास वेळेवर चालत, मुंबईची वेळ तिच्याहून अर्धा तास मागे होती आणि खेड्यातला माणूस सूर्य पाहून निघे. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईने आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. एकाच फलाटावर दोन-तीन वेळा नांदल्या आहेत. कालप्रवासाच्या मालिकेला याहून चांगलं ठाणं कोणतं?

म्हणून मराठी निर्माते आणि लेखकांना मागणं आहे. दुसरं पर्व लिहायला घेण्याआधी त्याचा शेवटचा भाग लिहा, कथेचा नियम एका कागदावर उतरवून भिंतीला लावा आणि तो मोडू नका. नायकाच्या बायकोला डायरी वाचू द्या. पाबळ, खोडद, दौंड इथे येऊन चार दिवस राहा. खर्चाचं म्हणाल तर ‘डार्क’मधलं सर्वांत थोर दृश्य एका खोलीत आणि एका कागदावर झालं आहे.

आणि वाचकांना एवढंच, की ‘समांतर’ची दोन्ही पर्वं पाहिली असतील तर या सुट्टीत ‘डार्क’ लावा. मूळ जर्मन आवाज ठेवा, खाली अक्षरं ठेवा, शेजारी वही घेऊन चार घराण्यांची वंशावळ स्वतः मांडत जा. दुसऱ्या पर्वात ती लागेल. मालिका मोठ्यांसाठी आहे, आत्महत्येचं दृश्य अगदी सुरुवातीलाच आहे, तेव्हा मुलांना सोबत बसवू नका. मुलांना ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ वाचायला द्या. तालुक्याच्या ग्रंथालयात नारळीकरांचे कथासंग्रह मागितले तर मिळतात. नसतील, तर मागवायला सांगा.